मुकुटबनच्या अभ्यासिकेत, रविवारी

सकाळचे साडेनऊ वाजलेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या रस्त्यावरून सिमेंटचे ट्रक एकामागून एक चाललेत. २०२२ साली इथला ३९ लाख टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून हा रस्ता रविवारीही थांबत नाही. रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. दारावर हातानं रंगवलेली पाटी : अभ्यासिका. आत भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, तलाठी आणि पोलीस भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका, आणि कोपऱ्यात मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी पाच-सहा पिनांचा एक बोर्ड. एरवी सगळी टेबलं भरतीवाल्या पोरांची. रविवारी खिडकीजवळचं मोठं टेबल मात्र कॉलेजच्या मुलांना सोडलेलं असतं.

त्या टेबलाशी आता सातआठ जण आहेत. कुणी वणीच्या कॉलेजात शिकतंय, कुणी पांढरकवड्याच्या. एक मुलगी यवतमाळहून सुट्टीला घरी आलीय. वणी इथून एसटीनं तासाभराची वाट, पांढरकवडा दुसऱ्या दिशेला. कॉलेजचं ग्रंथालय ज्या वेळेत उघडं असतं, त्या वेळेत ही मुलं तासाला असतात नाहीतर परतीच्या गाडीसाठी स्टँडवर. शिवाय हे कापूस वेचणीचे दिवस. सकाळची वेचणी सोडून आलेल्या दोघींच्या ओढणीला अजून सरकीची बारीक तूस चिकटलेली दिसते.

टेबलाच्या टोकाला ग्रंथपाल मॅडम बसल्यात. राहायला मुकुटबनात, नोकरीला बाहेरगावी, एका अनुदानित महाविद्यालयात. समोर कॉलेजचा नव्हे, स्वतःचा लॅपटॉप आणि लाल पुठ्ठ्याची एक वही. पहिलं काम नेहमीचंच आहे, पासवर्डचं.

“कोणाकोणाचं एन-लिस्ट उघडत नाही?”

चार हात वर होतात. मॅडम आपल्या कॉलेजच्या दोघांची नावं आणि ई-मेल लॅपटॉपवर चढवतात, खाती चालू करतात. एकानं ई-मेलच्या पत्त्यात एक टिंब जास्त दिलंय, ते दुरुस्त होतं. उरलेले दोघं दुसऱ्या कॉलेजचे. त्यांची खाती मॅडमच्या हातात नाहीत. त्या फोन उचलतात. “सर, रविवारी त्रास देतेय. तुमच्या कॉलेजची दोन पोरं माझ्यासमोर बसलीत, जरा बघता का?” दहा मिनिटांत दोघांच्याही मोबाइलवर मेल येतो. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळी व्यवस्थापनं, पण टेबल एकच.

एन-लिस्ट हे नाव या मुलांना तोंडपाठ आहे. ते आलं कुठून, हे मॅडम आज नव्यांना सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९९१ साली ग्रंथालयांना एकमेकांशी जोडण्याचा एक प्रकल्प पुण्याच्या आयुका या संस्थेच्या छायेत सुरू केला. १९९६ साली त्याचं स्वतंत्र केंद्र झालं, ते इन्फ्लिबनेट. आज ते गांधीनगरला आहे. २०१० साली या केंद्रानं आयआयटी दिल्लीशी मिळून महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट काढलं. अनुदानित कॉलेजनं वर्षाला पाच हजार रुपये आणि वर जीएसटी भरायचा. त्यात सहा हजारांहून अधिक नियतकालिकं आणि जवळपास दोन लाख ई-पुस्तकं कॉलेजच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घरबसल्या उघडतात. हिशेब भिशीसारखाच : एकट्याच्या ऐपतीबाहेरचं सगळ्यांनी मिळून घ्यायचं.

“पाच हजारात आपल्या लायब्ररीत किती पुस्तकं येतील?” मॅडम विचारतात.

“पंधरा-वीस,” एक जण म्हणतो.

“आणि त्यातलं इंग्रजी संदर्भाचं एखादंच.”

एव्हाना यवतमाळहून आलेल्या मुलीनं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचा अंक उघडलाय. मुंबईतून १९६६ पासून निघणारं हे साप्ताहिक तालुक्याच्या गावात कुठल्याच स्टॉलवर मिळत नाही. ती मोबाइल आडवा धरून वाचतेय, आणि शेजारची वहीत शीर्षक, लेखक, वर्ष, पान असं ओळीनं टिपून घेतेय. संदर्भ कसा लिहायचा, हे मॅडमनी गेल्या खेपेला शिकवलंय.

आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलाची पाळी. नव्या अभ्यासक्रमात प्रकल्प करावा लागतो, आणि यानं विषय घेतलाय कीटकनाशकांची फवारणी. घरी कापूस आहे, वडील अजून पाठीवर पंप घेऊन फवारतात. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा हा शाळेत होता. आज त्याला त्या विषाचं शास्त्र वाचायचंय. त्यानं कीटकनाशकांच्या विषबाधेवरचा परदेशी नियतकालिकातला एक लेख शोधून काढलाय. शीर्षक दिसतं, गोषवारा दिसतो, आणि त्याखाली एक चौकट : हा लेख विकत घ्या. किंमत डॉलरमध्ये. असे लेख साधारण ३० ते ४० डॉलरना एक पडतात, म्हणजे तीन हजार रुपयांच्या घरात.

तो मॅडमकडे बघतो. “मॅडम, हे तर एन-लिस्टमधी बी नाही दिसून राहिलं.”

मॅडम त्याला पायरीपायरीनं नेतात. आधी शीर्षक जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाकून शोध. लेखकानं आपल्या विद्यापीठाच्या संग्रहात मोफत प्रत ठेवलीय का, ते बघ. नाही? मग पबमेड सेंट्रलवर बघ. वैद्यकातले कितीतरी लेख तिथं पूर्ण मिळतात. हा लेख तिथंही नाही, पण त्याच विषयावरचे दुसरे दोन सापडतात, तेही पूर्ण. ते उतरवून घेतले जातात. मूळ लेखासाठी मॅडम ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी लिहितात : लेखाचं नाव, वर्ष, कारण, आणि ‘एका विद्यार्थ्याच्या अभ्यासापुरती एक प्रत हवी’.

वाट बघताना त्या मुलांना देशपातळीवर काय चाललंय ते सांगतात. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. प्रत्येक ग्रंथालयानं प्रकाशकाच्या दारात एकट्यानं उभं राहण्यापेक्षा अख्ख्या देशानं एकदाच बोलणी करावी, हा विचार मोठा आहे आणि योग्यही. पण ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. विदर्भातल्या ग्रामीण भागात बहुतेक महाविद्यालयं शिक्षण संस्थांची आहेत. शासनाचं अनुदान असलं तरी व्यवस्थापन खासगी. टेबलाशी बसलेल्यांपैकी एकाचंही कॉलेज सरकारी नाही.

“म्हणजे आपण त्यात नाही?” मुलगा विचारतो.

“अजून नाही. म्हणून मागत राहायचं. आणि तोवर एकमेकांना देत राहायचं.”

बाराच्या आत एका सरकारी महाविद्यालयातल्या ग्रंथपालांकडून लेख येतो. मुलगा मान खाली घालून वाचायला लागतो. तिसऱ्या पानावर त्याच्या घरच्या डब्यावर छापलेल्या औषधाचं नाव येतं. तो थांबतो, पेननं त्याखाली रेघ मारायला जातो, पडदा आहे हे लक्षात येऊन वही ओढतो आणि नाव उतरवून घेतो.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी मघापासून गप्प आहे. ती कोलाम आहे. गावापासून काही अंतरावरच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, चालत आलीय. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिनं आपल्याच लोकांचा विषय घेतलाय. तिच्या मोबाइलवर शोधगंगा उघडली आहे. पीएच.डी.चे प्रबंध विद्यापीठांनी डिजिटल स्वरूपात द्यायचे, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ साली केला, आणि त्यातून हा देशभरच्या विद्यापीठांचा सामायिक साठा उभा राहिला. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, आणि ते बघायला वर्गणी लागत नाही की पासवर्ड.

तिनं इंग्रजीत ‘कोलाम’ असं टाकलंय. वरच्या निकालांत तमिळनाडूतली रांगोळी आली आहे. तमिळमध्ये रांगोळीला कोलम म्हणतात आणि इंग्रजी अक्षरात दोन्ही शब्द सारखेच दिसतात. ती खाली, आणखी खाली जातेय, सगळी रांगोळीच.

मॅडम खुर्ची तिच्याशेजारी ओढतात. “नुसतं ते नको टाकू. पुढे ‘ट्राइब’ लाव. मग ‘कोलामी’ टाक. मग ‘यवतमाळ’.” पडदा बदलतो. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या विद्यापीठांतले प्रबंध वर येतात. “आता यवतमाळचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाकून बघ, ‘येओतमाल’. आणि त्याहून जुनं हवं असेल तर ‘वून’. म्हणजे आपली वणी. १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नावच ते होतं. इंग्रजांच्या काळातले कागद त्याच नावानं सापडतात.”

मुलगी चारही नावं वहीत एकाखाली एक लिहून ठेवते. हे कुठल्याच यंत्रात आपसूक आलेलं नाही. वणी म्हणजेच वून, हे ज्याला ठाऊक आहे त्यानंच ते सूचीत लिहायला हवं. नाहीतर कागद संग्रहात असूनही या मुलीपुरते नसल्यासारखेच.

मग मॅडम तिला आणखी एक पान उघडून देतात. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश मोफत ठेवलेले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तिथं आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश आहे, आणि बरो व एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोशही आहे. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. मॅडम ‘घर’ या अर्थानं शोध घेतात. एका नोंदीत वेगवेगळ्या द्राविडी भाषांची ओळ येते. तेलुगूत ‘इल्लु’, आणि पुढे संक्षेपात कोलामी : ‘एल्ला’.

मुलगी शब्द वाचते. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. शेजारच्या दोघी वाकून बघतात. त्यांतली एक तेलुगू घरातली आहे. सीमेपलीकडचा आदिलाबाद इथून दूर नाही, आणि या पट्ट्यात तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ. ती म्हणते, “आमच्यात इल्लु.” दोघी एकमेकींकडे बघून हसतात.

“हे कोणी लिहिलं, मॅडम?”

कोलामीच्या नोंदींत मधूनमधून कंसात दोन अद्याक्षरं दिसतात. ती सेतुमाधवराव पगडींची. मराठी वाचक त्यांना मराठेशाहीचे आणि मोगल कागदपत्रांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. निजामाच्या राज्यात नोकरीला असताना आदिलाबाद भागात त्यांचा आदिवासींशी संबंध आला, आणि त्यांनी लिहिलेलं कोलामी भाषेचं इंग्रजी व्याकरण १९५० साली हैदराबादला छापलं गेलं. एमेनो यांचं कोलामीवरचं पुस्तक १९५५ साली कॅलिफोर्नियातून निघालं. म्हणजे या मुलीच्या पोडावरची भाषा हैदराबादमार्गे कॅलिफोर्नियाला आणि शिकागोला पोचलेली आहे. तिच्या स्वतःच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मात्र यांतलं एकही पुस्तक नाही.

बराच वेळ ती त्या पानावर असते. मग हळूच विचारते, “मॅडम, माह्या आजीचे गाणे आहेत माह्या फोनमधी. मी भरून ठेवले होते. ते कुठं टाकता येते?”

टेबलाभोवती कुणीच लगेच बोलत नाही. कारण उत्तर असं आहे की तशी जागा आत्ता नाही. प्रकल्पाच्या वहीत ती गाण्यांचे शब्द लिहील, वही कॉलेजात जमा होईल, गुण मिळतील. मॅडमना त्या वह्यांचं पुढे काय होतं ते माहीत आहे, आणि त्या ते सांगतात. प्रत्येक विभागात एक कपाट असतं. त्यात दरवर्षीचे प्रकल्प येतात : कुठल्या गावाची पाणीपुरवठ्याची पाहणी, कुठल्या पोडावरच्या औषधी वनस्पती, कोळसा खाणीमुळे हललेल्या एखाद्या वस्तीची हकिगत. पोरांनी सायकलवर फिरून, माणसांना विचारून लिहिलेलं. कपाट भरलं की खालचा थर रद्दीत जातो. शेजारच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यानं तोच विषय घेतला तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण आधीचं काम झालं होतं हेच त्याला कळत नाही.

इथं बसून मला जे दिसतंय ते हे आहे. वरून येणारी वाट आता बऱ्यापैकी तयार झाली आहे. गांधीनगरहून, खरगपूरच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातून, शिकागोहून, मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरून मुकुटबनपर्यंत ज्ञान येतंय, आणि ते येतंय कारण ग्रंथालयांनी आपापली कपाटं एकत्र केली. पण मुकुटबनहून वर जाणारी वाट नाही. गाव घेतं, त्याच्याजवळ देण्यासारखं पुष्कळ असून ते देत नाही. देशाच्या साठ्यात कोलामांविषयी आहे, कोलामांचं फार थोडं आहे.

हे काम अशक्य कोटीतलं नाही. २००८ साली अमेरिकेत काही विद्यापीठांनी आपापली स्कॅन केलेली पुस्तकं एकत्र ठेवून हाथीट्रस्ट हा साठा उभा केला; त्यात आज पावणेदोन कोटींहून अधिक खंड आहेत. एवढं लांब जायलाही नको. यवतमाळातच य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांनी गेल्या शतकात शारदाश्रमाच्या रूपानं जुन्या पोथ्या, हस्तलिखितं आणि इतिहासाची साधनं गोळा करण्याचं काम केलं. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या वाचून दाखवणाऱ्यांत देशपांडे अग्रणी होते. त्यांच्याकडे ना स्कॅनर होता, ना मोबाइल. आज या टेबलावर आठ मोबाइल आहेत.

मॅडमही नुसती हळहळ करत बसत नाहीत. लॅपटॉपवर त्यांनी एक साधी तक्त्याची फाइल उघडली आहे. तिचे स्तंभ त्या वाचून दाखवतात : शीर्षक, लिहिणाऱ्याचं नाव, वर्ष, गाव, विषय, भाषा, प्रत कुठल्या कॉलेजात, दाखवायला परवानगी आहे का. त्यांच्या कॉलेजच्या एका कपाटातल्या नोंदी भरून झाल्या आहेत. फोनवर मघाशी बोललेल्या सरांनी आपल्या कॉलेजच्या पाठवल्या आहेत. स्कॅनिंग नंतर, आधी यादी. काय कुठे आहे हे कळलं तरी अर्धं काम झालं.

“तुझा प्रकल्प अजून व्हायचाय, पण नोंद आजच करू,” त्या मुलीला म्हणतात. दोघी मिळून एक ओळ भरू लागतात. शीर्षक मराठीत. विषयाच्या रकान्यात मुलगी ‘कोलाम’ लिहिते आणि हात थांबवते. मग स्वतःच पुढे भर घालते : कोलाम जमात, कोलामी भाषा, यवतमाळ, वणी, वून. ती या शब्दांवर सकाळी अडली होती. आता दुसरं कुणी अडणार नाही.

गाण्यांच्या ओळीपाशी मॅडम तिला थांबवतात. “आजीला विचारलंस?”

“भरताना विचारलं होतं.”

“भरायला विचारलं. सगळ्यांना ऐकवायला विचारलंस का? काही गाणी सणालाच म्हणायची असतात, काही बायांपुरतीच. आजीच्या भाषेत विचार. ती ज्याला हो म्हणेल तेवढंच आपण ठेवू. बाकीचं तुझ्या घरचं.”

मुलगी मान डोलावते आणि परवानगीच्या रकान्यात लिहिते : आजीला विचारायचे आहे.

कायद्याचाही विचार करावा लागतो, आणि मॅडमनी तो केलाय. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ती मुदत संपण्याआधी पुस्तक असंच स्कॅन करून सगळ्यांपुढे टाकता येत नाही. पण २०१२ च्या दुरुस्तीनं ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत जवळ असेल तर, जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली आहे. आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प, कॉलेजचे वार्षिकांक, गावोगावच्या पाहण्या यांना तर लिहिणाऱ्याची सही पुरते. साठवायला लागणारी डीस्पेस ही प्रणाली मोफत आहे. शोधगंगा त्याच प्रणालीवर चालते. जे कमी पडतंय ते एका कॉलेजनं दुसऱ्या कॉलेजला लिहिलेलं पत्र.

दीड वाजत आलाय. एसटीची वेळ होते म्हणून दोघं उठतात. बी.एस्सी.चा मुलगा मॅडमना विचारतोय की हा लेख मराठीत थोडक्यात लिहून कृषी केंद्राच्या दुकानात लावला तर चालेल का. “लेख तसाच लावू नको. तुला समजलं ते तुझ्या शब्दांत लिही, आणि खाली कुठून घेतलं ते लिही,” मॅडम सांगतात. तो लगेच कोरं पान काढतो.

वणी, केळापूर, मारेगाव आणि झरी जामणी या तालुक्यांतल्या महाविद्यालयांचे प्राचार्य आणि ग्रंथपाल हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात एक बैठक घ्या. प्रत्येकानं आपल्या एका कपाटाची यादी घेऊन या, ती एका तक्त्यात भरा, शब्दांच्या नोंदी इथल्या माणसांनी शोधता येतील अशा करा, आणि तो तक्ता अमरावती विद्यापीठाच्या ग्रंथालयापुढे ठेवा. याला मोठा निधी लागत नाही. आणि ज्यांच्या घरी जुना वार्षिकांक, गावाची हस्तलिखित हकिगत किंवा आजीचं ध्वनिमुद्रित गाणं आहे, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी किंवा फोन बदलण्याआधी जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालाला एकदा दाखवावं.